ग्राहकांची विदा आणि संवादयंत्र : उत्तरांच्या सुधारणेचा विचार

व्यवसायसंस्थेच्या कचेरीत ग्राहकांविषयीचे प्रश्न रोज उपस्थित होतात. कोणाचे देयक थकले, कोणत्या भागातून तक्रारी वाढल्या, कोणाच्या वाहनाची देखभाल राहिली, यांची उत्तरे पूर्वी खतावण्या धुंडाळून, आणि पुढे संगणकविभागाकडे मागणी नोंदवून मिळत असत. अलीकडे हे काम संवादयंत्राकडे, म्हणजे व्यवहारात ज्याला चॅटबॉट म्हणतात त्याच्याकडे, सोपविले जाऊ लागले आहे. कर्मचारी नेहमीच्या भाषेत प्रश्न लिहितो व यंत्र काही क्षणांत उत्तर देते. परंतु असे यंत्र एकदा बसविले म्हणजे काम संपत नाही. त्यात सतत सुधारणा कराव्या लागतात. या सुधारणांचे खरे स्वरूप कोणते, आणि यंत्राची भाषा सफाईदार झाली म्हणजे त्याचे उत्तरही विश्वसनीय झाले असे मानता येईल काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रश्नांचे दोन प्रकार आरंभीच वेगळे केले पाहिजेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने १५ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सारथी’ ही मदतवाहिनी सुरू केली. नागरिक वारंवार विचारतात ते प्रश्न व त्यांची उत्तरे विभागवार संकलित करून ती दूरध्वनी, संकेतस्थळ व पुस्तिका अशा साधनांनी उपलब्ध करण्यात आली. एखाद्या दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, या प्रश्नाचे उत्तर सर्वांना एकच असते. ते आधी लिहून ठेवता येते. ‘अमुक ग्राहकाची थकबाकी आज किती?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी नोंदींतून काढावे लागते. संवादयंत्राची कसोटी लागते ती या दुसऱ्या प्रकारात.

हा प्रयत्न नवा नाही. विल्यम वूड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘लूनर’ नावाची प्रणाली रचली होती. चंद्रावरून आणलेल्या खडकांच्या रासायनिक पृथक्करणाच्या नोंदींवर शास्त्रज्ञांनी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ती देई. १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा १११ प्रश्नांपैकी सुमारे ७८ टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. सुमारे १२ टक्के प्रश्न कोशरचनेतील किरकोळ चुकांमुळे फसले, तर उरलेल्या १० टक्क्यांच्या मुळाशी भाषेच्या आकलनातील गंभीर उणिवा होत्या. यशाच्या आकड्याहून अपयशाचे हे वर्गीकरण अधिक बोधप्रद आहे. कोणती चूक कोणत्या कारणाने झाली हे कळल्याखेरीज सुधारणा कोठे करावी हे ठरत नाही.

आजच्या यंत्रात सामान्यतः तीन टप्पे असतात. भाषेचे प्रारूप प्रश्नाचे रूपांतर विदागाराला समजेल अशा आज्ञेत करते. विदागार नोंदी मोजून संख्या देते. आणि प्रारूप ती संख्या वाक्यात मांडते. यातील पथ्य असे की, संख्या विदागारातूनच यावी. प्रारूपाला शब्दांच्या साहचर्यावरून संभाव्य वाटणारे वाक्य रचता येते. खातेवहीत काय लिहिले आहे, हे पाहिल्यावाचून त्याला कळू शकत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पिंपरीतील एखाद्या वाहनसेवा केंद्रातील कर्मचाऱ्याने विचारले : ‘संत तुकाराम नगरातील किती ग्राहकांची देयके मागील वर्षी थकली?’ वाक्य अगदी साधे आहे. तथापि त्यात किमान चार संदिग्धता आहेत. संत तुकाराम नगर पिंपरीत आहे, तसेच त्याच नावाची वस्ती भोसरीतही आहे. शिवाय पत्ते लिहिताना कोणी यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाची खूण देतो, तर कोणी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोस्थानकाची. ‘ग्राहक’ म्हणजे व्यक्ति की वाहन? एकाच्या नावावर दोन वाहने असतील तर गणती एक की दोन? ‘मागील वर्ष’ जानेवारीपासूनचे की एप्रिलपासूनचे? आणि ‘थकली’ म्हणजे मुदतीत भरली गेली नाहीत, की आजतागायत भरलेली नाहीत? चारही ठिकाणी वेगवेगळा अर्थ घेतला तर वेगवेगळ्या संख्या मिळतील, आणि प्रत्येक संख्या तितक्याच सफाईदार वाक्यात सांगितली जाईल.

यावरून सुधारणेची दिशा स्पष्ट होते. पहिली आवश्यकता अर्थकोशाची. संस्थेत कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ ग्राह्य आहे, हे जाणत्या माणसांनी ठरवून लिहून द्यावे लागते. दुसरी आवश्यकता अशी की, उत्तरासोबत यंत्राने गृहीत धरलेला अर्थ व नोंदींची तारीख सांगावी, संदिग्धता उरल्यास उलट प्रश्न विचारावा, आणि नोंद नसेल तर तसे स्पष्ट कळवावे.

तिसरी आवश्यकता कसोटी-प्रश्नसंचाची. मराठीत ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेला व येणारा असे दोन्ही दिवस दर्शवितो. ‘परवा आलेली वाहने’ व ‘परवा येणारी वाहने’ यांतील भेद क्रियारूपावरून कळतो. तक्रार आली म्हणून यंत्राला ‘परवा’चा भूतकालीन अर्थ शिकविला, तर उद्यानंतरच्या दिवसाच्या नोंदणीची उत्तरे बिघडू शकतात. ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५ आणि ‘सव्वादोनशे’ म्हणजे २२५, हेही तपासावे लागते. म्हणून प्रत्येक फेरबदलानंतर जुने सर्व प्रश्न पुन्हा विचारून, माणसांनी पडताळलेल्या उत्तरांशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

या काटेकोरपणाला नैतिक व कायदेशीर अधिष्ठानही आहे. २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने, एअर कॅनडाच्या संवादयंत्राने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच आहे, असा निर्णय दिला. यंत्र स्वतःच्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे, हा बचाव मान्य झाला नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही, व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी वापरली जाणारी विदा पूर्ण, अचूक व सुसंगत असावी, अशी तरतूद केलेली आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती नोंद दिसावी, ही मर्यादाही विदागारातच घालणे इष्ट होय. प्रारूपाला दिलेली सूचना त्यासाठी पुरेशी नाही.

सारांश, ग्राहकविदेच्या संवादयंत्रातील सुधारणा मुख्यतः नोंदींच्या शिस्तीची व शब्दार्थांच्या निश्चितीची आहे. मोठी भाषिक प्रारूपे बाहेरून आणता येतील. परंतु मराठी कचेरीतील ‘थकबाकी’, ‘ग्राहक’ व ‘परवा’ यांचे अर्थ येथेच निश्चित करावे लागतील. भाषा, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी मिळून हाती घ्यावे असे हे कार्य आहे. चुकीच्या संख्येवरून थकबाकीची नोटीस ज्याच्या दारी जाते, त्या ग्राहकाला यंत्राच्या अंतरंगाची तपासणी करण्याचे कोणतेही साधन नसते. ती तपासणी त्याच्या वतीने आधीच झालेली असली पाहिजे.