बारीपाड्याचे जंगल आणि बॉयलरमधील लाकूड

गेल्या स्नेहमेळाव्यात प्रोसेसिंग मिलशी संबंधित एका समाजबांधवांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, बॉयलरमध्ये कोळशाऐवजी लाकूड जाळले, तर हवामानबदलास आळा बसेल ना? झाड पुन्हा उगवतेच!”

युक्तिवाद बिनतोड वाटतो. युरोपीय संघाने लाकडास अक्षय ऊर्जेत स्थान दिले. इंग्लंडमधील ड्रॅक्स वीजकेंद्रात अमेरिकेतील जंगलांतून आलेले लाकडी पेलेट जळतात. परंतु एक गिगाज्यूल उष्णतेमागे दगडी कोळशातून सुमारे ९५ किलो, तर लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो पुन्हा शोषून घेण्यास नव्या झाडांना कित्येक दशके लागतात. माझ्याकडे आज बीसीजी घेणारे बाळ तोवर प्रौढ झालेले असेल आणि उष्म्याची ती सारी वर्षे त्यानेच सोसलेली असतील.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव धुळे जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील, साक्री तालुक्यातील बारीपाडा एकदा अवश्य पाहावे. १९९०च्या दशकारंभी तेथील डोंगर उघडे पडले होते. बायाबापड्या पाण्यासाठी वणवण करीत. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कोकणा ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्यास दंड ठरविला, आळीपाळीने पहारा ठेवला. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल तेथे उभे आहे, विहिरींना पाणी आहे आणि रानभाज्यांची स्पर्धा भरते. (स्पर्धक बहुतांशी महिला, हे सांगणे नलगे.) पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या झाडांत आणि खालच्या मातीत साठलेला कार्बन कोणत्याही बॉयलरने परत मिळवून दिला नसता.

तथापि, बालरोगतज्ज्ञ म्हणून चुलीकडे काणाडोळा करता येत नाही. चुलीच्या धुराने पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. पण सिलिंडर भरण्यास पैसे नसले, की आई पुन्हा सरपणाला जाते. जंगल राखावयाचे, तर तिच्या सिलिंडरची सोयही झाली पाहिजे. गॅस खनिज इंधन आहे हे मान्य करूनही मी त्याचाच पक्ष घेईन.

मिलसाठी आपल्या गुजरातेत ‘व्हाइट कोल’ मिळतो. पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफले अशा शेतातल्या कचऱ्यापासून तो बनला असेल, तर माझी हरकत नाही; त्यातले पुष्कळसे बांधावर जळूनच जाते. “पुरवठादाराकडून मालाचे मूळ लेखी घ्या,” एवढेच मी त्या बांधवांना सुचविले. पुढच्या मेळाव्यास तो कागद घेऊन येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.