दुसऱ्याच्या यादीवर आपली लढाई कशी जिंकणार?

घराघरांतून आज एकच तक्रार ऐकू येते, "पोरगा दिवसरात्र गेम खेळतो, अभ्यासाचे नाव नाही." आमचे घरही त्याला अपवाद नाही. माझ्या ताईचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भिशी लागली तेव्हा ताईने त्याला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला, तोही अभ्यासासाठी म्हणून. दाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. रात्रपाळी करून सकाळी घरी यावे तर मुलगा त्याच खुर्चीवर, डोळे लाल. सहामाहीचा निकाल लागला आणि दोन विषय राहिले. दाजींनी कॉम्प्युटर विकायला काढला, पोराने जेवण सोडले आणि ताईने मला बोलावून घेतले.

मी या विषयातला जाणकार नव्हे. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीतली चार कामे, यातच माझा वेळ जातो. पण त्या रविवारी भाच्याशेजारी स्टूल टाकून चार तास बसलो. त्यातून जे समजले ते पालकांना आणि मुलांना, दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

खेळ आहे तरी काय?

भाचा खेळतो त्या खेळाचे नाव 'डोटा २'. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने तो २०१३ साली रीतसर बाजारात आणला. एका बाजूला पाच खेळाडू, दुसऱ्या बाजूला पाच. शंभराहून अधिक पात्रांतून प्रत्येकाने एक निवडायचे. त्यांना 'हिरो' म्हणतात. समोरच्या पक्षाचे मुख्य ठाणे पाडले की सामना जिंकला. एक सामना साधारण अर्धा-पाऊण तास चालतो, कधी जास्तही.

सामना सुरू होताना प्रत्येकाच्या थैलीत सारखेच सोने असते. हे सोने खेळातले, खिशातले नव्हे. शत्रूचे सैनिक मारले, बुरूज पाडले की ते वाढते. त्या सोन्यातून दुकानातल्या वस्तू घ्यायच्या. अंगावर वापरायच्या वस्तूंना मुख्य कप्पे सहाच. खरे पैसे देऊन हिरोचे कपडे, दागिने मिळतात, ताकद मिळत नाही. श्रीमंताच्या पोराला आणि आपल्या पोराला सुरुवात एकाच रेषेवरून करावी लागते. हे मला आवडले.

कोणती वस्तू आधी घ्यायची, कोणती नंतर, या क्रमाला खेळाडू 'बिल्ड' म्हणतात. हरणे-जिंकणे पुष्कळसे त्यावर अवलंबून असते.

"यादीत तसंच आहे, मामा!"

भाच्याने त्या दिवशी 'स्नायपर' घेतला होता. लांबून गोळ्या झाडणारा, पण अंगाने नाजूक. समोर दोघे डोईजड होते. एक 'लायन'. तो जादूने माणसाला जागीच खिळवून ठेवतो, बेडूकसुद्धा करून टाकतो. दुसरी 'फँटम असॅसिन'. ती एका झेपेत अंगावर येते आणि तिच्यावर झाडलेल्या कितीतरी गोळ्या चुकवते. लायनने खिळवायचे, तिने येऊन कापायचे. भाचा पाच वेळा असाच मेला. प्रत्येक वेळी थोडे सोने गेले आणि पुन्हा जिवंत होईपर्यंत हात बांधून बसावे लागले.

मी विचारले, "आता तू काय विकत घेतोयस?"

त्याने गोळ्यांचा जोर वाढवणारी एक वस्तू दाखवली.

"हीच का?"

"यादीत तसंच आहे, मामा!"

पडद्याच्या बाजूला कोणा अनोळखी खेळाडूने तयार केलेली यादी उघडी होती. पहिली ही, मग ती, मग तिसरी. भाचा महिनोन्महिने त्याच क्रमाने खरेदी करीत होता. यादी वाईट नव्हती. ती करणारा कदाचित भाच्यापेक्षा दसपट चांगला खेळत असेल. पण यादी करताना त्याच्यासमोर हा लायन नव्हता, ही असॅसिन नव्हती.

मी हसलो नाही. आमच्या कार्यालयात जुन्या फायलीतला मसुदा उतरवताना मी स्वतः एकदा मागच्या वर्षाची तारीख तशीच ठेवली होती. 'मागील पानावरून पुढे' हा रोग कारकुनाइतका कोणाला ठाऊक!

वहीत मांडलेला हिशेब

मग आम्ही एक दोनशे पानी वही काढली. भाचा खेळातले सांगत होता, मी हिशेबातले विचारत होतो. चार प्रश्न ठरले.

पहिला, माझे काम काय? स्नायपरचे काम दुरून मारा करणे. मेलेला स्नायपर मारा करीत नाही. तेव्हा जिवंत राहणे हाही त्याच्या कामाचाच भाग.

दुसरा, मला कोण मारते आणि कसे? येथे भाचा थांबला. मग म्हणाला, "मारते असॅसिन, पण मरतो मी लायनमुळे." दुकानात 'ब्लॅक किंग बार' नावाची वस्तू आहे. ती काही सेकंद शत्रूच्या बहुतेक जादूपासून वाचवते. यादीत ती पुष्कळ खाली होती. पण ती सुरीचा वार थांबवीत नाही. त्यासाठी 'हरिकेन पाईक' आहे, ती अंगावर आलेल्या शत्रूला दूर ढकलते. आणि गोळ्या चुकत असतील तर 'मंकी किंग बार' आहे, तिने चुकवाचुकवीला बराच आळा बसतो. तीन दुखणी, तीन औषधे. जोर वाढवणारी वस्तू यांपैकी एकाही दुखण्यावर लागू पडत नव्हती.

तिसरा, ऐपत किती आणि वेळ किती? मोठी वस्तू लहान भाग जोडून तयार होते. पूर्ण किमतीची वाट बघत रिकाम्या हाताने फिरण्यापेक्षा जो भाग आजच उपयोगी पडेल तो आधी घ्यावा. घर बांधताना आपण आधी छप्पर करतो, फरशी मागाहून. घेतलेली वस्तू दहा सेकंदांत परत केली तर पूर्ण सोने मिळते, नंतर विकली तर निम्मेच. म्हणून विचार दुकानात जाण्याआधी करावा.

चौथा, आपल्या पाच जणांत कशाची उणीव आहे? शत्रू अदृश्य होणारा असेल तर त्याला उघडे पाडणारी भुकटी कोणीतरी घ्यायलाच हवी. सगळेच तलवारी घेऊन उभे राहिले तर ती कोण घेणार?

किमती आणि वस्तूंचे गुण कंपनी वरचेवर बदलते. तेव्हा पाठ केलेले टिकत नाही, प्रश्न टिकतात. नवी वस्तू पारखायची तर एकट्याने सराव करण्याची सोय खेळातच आहे. झालेला सामना पुन्हा पाहताही येतो. हरलेला सामना पाहावा, मृत्यू कसा झाला ते वहीत एका ओळीत लिहावे. यादीही वाचावी, पण प्रत्येक वस्तूपुढे 'का?' लिहून. ज्या वस्तूपुढे उत्तर सापडत नाही, ती आपली नव्हे.

सेवेकरी पुढे आला

भाच्याने मला एक गोष्ट सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. या खेळाची सर्वात मोठी स्पर्धा 'द इंटरनॅशनल'. २०१९ साली ती शांघायला झाली. 'आयो' नावाचे एक पात्र आहे, प्रकाशाचा गोळा. सर्वांचा समज असा की हा दुसऱ्याला बांधून राहणार, दुसऱ्याच्या जखमा भरणार, मागे उभा राहणार. 'ओजी' संघाने त्यालाच मुख्य लढवय्या केले. आना या नावाने खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणाने वेगळ्याच वस्तू देऊन तो चालवला. अंतिम फेरीत लिक्विड संघाला हरवून ओजी सलग दुसऱ्या वर्षी विजेते ठरले. सेवा करणे हेच याच्या नशिबी, असे ज्याच्याविषयी सर्वांनी ठरवून टाकले होते, त्याच्यात काय आहे हे त्यांनी स्वतः तपासून पाहिले. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

पुढे काय झाले?

दुसऱ्या रविवारी भाचा स्वतःच्या आखणीने खेळला आणि हरला. पण त्या दिवशी त्याने उंदीर आपटला नाही. "मामा, बार घ्यायला मला सहा मिनिटं उशीर झाला. मधे दोनदा उगाच लढायला गेलो." हरण्याचे कारण त्याला सांगता आले. त्यानंतरचे दोन सामने तो जिंकला, एक पुन्हा हरला.

त्याच रात्री जेवताना त्याने मला विचारले, "मामा, मी बी.कॉम. का घेतलं?"

उत्तर मला ठाऊक होते. मी केले म्हणून. बारावीनंतर ताईने मला विचारले आणि मी माझीच यादी त्याच्या हातात ठेवली होती. त्याच्यासमोर कोणते 'लायन' उभे आहेत, हे मी विचारले नव्हते.

तीच वही पुन्हा उघडली. मला काय जमते, मला कोण अडवते, पैसा किती, वेळ किती. त्याला आकडे आवडतात, पाठांतर आवडत नाही. हे दाजींनीही प्रथमच ऐकले. पदवी पुरी करायची, राहिलेले दोन विषय सोडवायचे आणि सोबत संगणकावरचे हिशेब शिकायचे, असे तूर्त ठरले आहे. पुढे ते बदलेलही. बदलायला जागा ठेवली आहे.

कॉम्प्युटर विकला नाही. दिवसाला दोन सामने, दाजी रात्रपाळीला निघण्याआधी पडदा बंद, असा करार झाला. तो दोनदा मोडला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पालकांना एक सूचना. २०२५ सालच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. आपले मूल यांपैकी काय खेळते ते आधी पाहा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या संघाने याच डोटा २ मध्ये कांस्यपदक मिळवले. म्हणून प्रत्येक पोर पदक आणेल असे नाही, आणि शिक्षण सोडून या मागे लागावे असेही नाही. पण ओरडण्याआधी एकदा शेजारी स्टूल टाकून बसा आणि एवढेच विचारा, "हे का घेतलंस?" उत्तर आले नाही तरी चालेल. प्रश्नाची सवय लागली पाहिजे, मुलांना आणि आपल्यालाही.