घरच्या कढईतला लाल कांदा

घरात दुसरे काही नसले तरी कांदा-भाकर तरी असतेच, असे आपली मागची पिढी म्हणत असे. आज तेवढ्या भरवशाने कुणी बोलू शकत नाही. १९९८ साली कांद्याचे भाव असे भडकले की दिल्लीतले राज्य सरकार निवडणुकीत पडायला तेही एक मोठे कारण ठरले. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, तेव्हा हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या नावावर अवघे २ रुपये ४९ पैसे उरले.

मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला या दोन्ही टोकांचा चटका बसतो. उन्हाळ्यात आपल्याच बाया दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जातात आणि दिवाळीच्या सुमारास तोच कांदा दुकानातून चढ्या भावाने अर्धा-अर्धा किलो आणतात. भाव कसे आवरायचे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण घरापुरता एक उपाय आपल्या हातात आहे. कांदा स्वस्त असतो तेव्हा तो लाल करून ठेवायचा. शहरातल्या हॉटेलांत यालाच ‘कॅरॅमलाइज्ड’ कांदा म्हणतात आणि बिर्याणीवर तो कुरकुरीत तळून टाकला की ‘बिरिस्ता’ म्हणतात. नाव काहीही असो, काम आपल्या चुलीचेच आहे.

पिंपळवंडीच्या रानातला कांदा

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सोडले की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडी लागते. जुन्नर तालुक्याचा हा भाग कुकडीच्या पाण्यावर बागायती झालेला आहे. ऊस, टोमॅटो, द्राक्षे यांच्याबरोबर कांदा हे इथले मोठे पीक. थंडीत लावलेला कांदा मार्च अखेरीपासून मे महिन्यापर्यंत निघतो. काढायचा, पात कापायची, निवड करायची आणि चांगला गोळा कांदा बराखीत भरायचा किंवा आळेफाटा, ओतूरच्या बाजारात न्यायचा, असा क्रम असतो.

निवड करताना मागे राहतो तो चिंगळी कांदा, जोड कांदा, डेंगळे आणि विळा किंवा खुरपे लागलेला कांदा. बाजारात याला भाव नसतो आणि बराखीत तो टिकत नाही. जखम झालेला कांदा आधी सडतो आणि शेजारच्या चार कांद्यांना सडवतो. काही ठिकाणी काढणी संपताना मजूर बायकांना असा कांदा वानवळा म्हणून मिळतो. आठवडी बाजारातही तो ढिगाने स्वस्त मिळतो. (मात्र वानवळा तो वानवळा आणि मजुरी ती मजुरी. कांदा दिला म्हणून रोजातले पैसे कापून घेऊ नयेत.) लाल करण्यासाठी नेमका हाच कांदा घ्यावा. सडका भाग काढून टाकावा, पण आत काळी बुरशी किंवा वास असेल तर तो कांदा सरळ फेकून द्यावा.

कोणता कांदा चांगला लाल होतो? उन्हाळी, म्हणजे टिकाऊ कांदा. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा पाणीदार असतो, तो आटायला वेळ लागतो. चवीला तिखट असलेल्या कांद्यात साखर कमी असेल असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. त्यातही साखर भरपूर असते, ती तिखटपणाखाली झाकलेली असते इतकेच. पिंपळवंडीहून याच रस्त्याने पुण्याकडे जाताना राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ साली नाशिकला सुरू झालेली ही संस्था १९९८ मध्ये इथे आली. भीमा शक्ती, भीमा किरण या उन्हाळी जाती तिथूनच शेतकऱ्यांकडे गेल्या. पुण्याच्या बाजूला फुरसुंगी कांदाही जुना आणि टिकाऊ म्हणून ओळखला जातो.

कांदा लाल का होतो?

एक किलो कांद्यात साडेआठशे ग्रॅमच्या वर पाणी असते. साखर शंभर ग्रॅमला सुमारे ४ ग्रॅम. कढईत पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या वर चढत नाही आणि एवढ्या उष्णतेवर कांदा फक्त शिजतो, त्याला रंग येत नाही. पाणी आटले की उष्णता चढते. मग साखरेला रंग येतो आणि साखर व प्रथिने यांच्या संयोगाने खमंग वास सुटतो. ही दुसरी क्रिया लुई कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. भाकरीला येणारे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हेही त्याच क्रियेचे काम.

म्हणजे लाल कांद्याचे सगळे गुपित पाणी काढण्यात आहे. आच मोठी केली तर कडा करपतात आणि आत पाणी तसेच राहते. असा कांदा रश्शात घातला की रस्सा कडू होतो. मग तो कडूपणा मारायला वरून साखर-गूळ घालावा लागतो. धीर धरला तर कांद्याची स्वतःचीच गोडी पुरते.

कढईतली कृती

साहित्य : कांदे १ किलो, तेल ३ ते ४ मोठे चमचे, मीठ अर्धा लहान चमचा.

१) कांदे सोलून उभे, पातळ आणि एकसारखे चिरावेत. जाड-बारीक झाले तर बारीक करपतो आणि जाड कच्चा राहतो. डोळ्यांना पाणी येऊ नये म्हणून कांदे आधी अर्धा तास गार पाण्यात ठेवावेत, विळी-सुरीला धार असावी आणि मुळाकडचा भाग शेवटी कापावा.

२) जाड बुडाची किंवा लोखंडी कढई तापवून तेल घालावे. कांदा व मीठ घालून हलवावे आणि दहा मिनिटे झाकण ठेवावे. मिठाने पाणी लवकर सुटते.

३) झाकण काढून मध्यम आचेवर पाणी आटू द्यावे. कांदा आधी काचेसारखा, मग पिवळसर होतो. इथून आच मंद करावी.

४) दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने तळापासून हलवावे. बुडाला तांबूस थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडून कांद्यात मिसळावा. सगळी चव त्या थरात असते.

५) सोनेरी, मग तांबूस आणि शेवटी खजुरासारखा रंग येतो. खजुरी रंग यायच्या थोडे आधीच कढई उतरावी, कारण गरम कढईत कांदा आणखी लाल होत राहतो. लोखंडी कढईत कांदा रात्रभर ठेवू नये, काढून घ्यावा.

या सर्वाला पाऊण ते एक तास लागतो आणि किलोचा साधारण पाव किलो कांदा हाती येतो. ‘दहा मिनिटांत लाल कांदा’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर येतो हे खरे, पण कांद्याचा लगदा होतो. वाटणासाठी तो चालेल, सारणासाठी नाही. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

उन्हाचे काम उन्हाला द्या

तासभर गॅस जाळणे प्रत्येक घराला परवडत नाही. आपल्या आया-आज्यांनी यावर तोड काढली होती. कांदा-लसूण मसाला करताना त्या चिरलेला कांदा आधी उन्हात वाळवत. त्यामागचा हिशेब सरळ आहे. सर्वांत जास्त जळण पाणी आटवण्यात जाते आणि ते काम चैत्र-वैशाखाचे ऊन फुकट करते.

पातळ चिरलेला कांदा स्वच्छ धुतलेल्या कापडावर मोकळा पसरावा. वर जुनी पातळ साडी किंवा जाळी घालावी म्हणजे माशा-धूळ बसत नाही. संध्याकाळी घरात घ्यावा, सकाळी पुन्हा घालावा. कडक उन्हात तीन-चार दिवसांत हाताने चुरताना कडकड मोडू लागला की झाला. किलोचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम उरते. तो थोड्या तेलात अगदी मंद आचेवर परतावा. आता पाणी नसल्याने दोन-चार मिनिटांतच तो लाल होतो. तिथून उठून दुसऱ्या कामाला गेलात तर करपलाच समजा.

टिकवायचा कसा?

उन्हात वाळवलेला कांदा कोरड्या काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून महिनोन् महिने राहतो. चमचा ओला घालू नये आणि पावसाळ्यात मऊ पडला तर तव्यावर गरम करून घ्यावा. कढईत लाल केलेल्या ओलसर कांद्याचे तसे नाही. फ्रीज नसेल तर तो त्याच दिवशी संपवावा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आणि बर्फाच्या कप्प्यात लहान लहान वाट्या करून दोन महिने ठेवता येतो. ओला कांदा तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा प्रकार करू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे वास किंवा रंग न बदलताही विषारी जंतू वाढू शकतात.

मासवडीपासून खिचडीपर्यंत

जुन्नर-आंबेगावची मासवडी सगळीकडे नावाजलेली आहे. तिच्या सारणात लाल परतलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, लसूण आणि कोथिंबीर असते. बेसन शिजवून ओल्या कापडावर थापायचे, वर सारण पसरून माशाच्या आकाराची गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. सारणातला कांदा ओला राहिला तर वडी कापताना फुटते, म्हणून तो कोरडा होईपर्यंत परतावा.

खोबरे महागले आहे. रश्शाच्या वाटणात खोबरे निम्मे करून लाल कांदा वाढवला तरी दाटपणा आणि रंग येतो. मुगाची खिचडी, मसुराची आमटी, पिठले, अंडाकरी, सुकट, कशातही एक चमचा पुरतो. जेवायला पाहुणे अचानक आले तर अर्धा स्वयंपाक तयारच असतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे की पाणी गेल्यामुळे चमचाभर लाल कांद्यात तीन-चार चमचे कच्च्या कांद्याची साखर येते. तेलही धरावे.

उन्हाळी कांदा आणि भीमजयंती एकाच हंगामात येतात, पाठोपाठ बुद्धपौर्णिमा. वस्तीत शंभर-दीडशे माणसांचे जेवण असते तेव्हा ऐनवेळी दहा किलो कांदा परतायला दोन बाया सकाळपासून चुलीशी अडकतात आणि कार्यक्रमाला त्यांना बसता येत नाही. तोच कांदा आधीच्या आठवड्यात घराघरांतून एकेक किलो वाळवून ठेवला, तर त्या दिवशी काम अर्ध्या तासाचे.

आणि हे काम एकट्या बाईने करायचे नाही. कांदा सोलायला मुले बसू शकतात, चिरायला घरातला पुरुष बसू शकतो, वाळत घातलेल्यावर आजी-आजोबा लक्ष ठेवू शकतात. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदे काढून आलेल्या बाईच्या हाती संध्याकाळी पुन्हा कांद्याचीच विळी देऊ नये. तिने फक्त रंग पाहून कढई कधी उतरवायची ते सांगावे, तेवढे पुरे.