ब्रेक लावला की लागला?

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा मास्तर शर्यतीच्या मोटारसायकलीवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण प्रश्न माझ्याच विषयातला आहे. आपण ब्रेक ‘लावतो’, आणि कधी तो ‘लागतो’. या दोन क्रियापदांतला फरक यंत्राला कसा समजावायचा?

१८ जून २००६. स्पेनमधली कॅटालुन्याची मोटोजीपी शर्यत. पहिल्याच वळणाकडे घोळका धावत असताना सेटे जिबर्नाऊची डुकाटी त्याच्याच संघातल्या लोरिस कापिरोसीच्या गाडीला भिडली. जिबर्नाऊच्या पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली गेली, चाक अडलं आणि गाडी कोलांट्या खात उडाली. सहा स्वार त्यात सापडले, शर्यत थांबवावी लागली. जिबर्नाऊचं कॉलरबोन मोडलं. ब्रेक त्यानं लावला नव्हता, तो लागला होता. पुढे काही वर्षांनी मोटोजीपीत ब्रेक लिव्हरपुढे गार्ड सक्तीचा झाला.

आता यंत्र बघू. लिव्हर म्हणजे तरफ. टेकू आतल्या बाजूला, टोक बाहेर. टेकूपासून जितकं लांब दाबाल तितका जोर वाढतो. दुसऱ्याची गाडी घासते ती नेमकी टोकाला, म्हणजे थोडा धक्काही पुरतो.

इथे खाणीत काम करणारे बसले आहेत, त्यांना माहीत आहे. यंत्र सुरू करायचं बटण खोबणीत दडवलेलं असतं, कोपर लागून यंत्र सुरू होऊ नये म्हणून. थांबवायचं लाल बटण मात्र वर उचललेलं, कसंही दाबलं तरी चालेल असं. कारण तिथे थांबणं सुरक्षित. भरधाव मोटारसायकलीचं उलटं आहे. तिथे नको तेव्हा थांबणं हाच अपघात. म्हणून ब्रेकलाही आडोसा लागतो.

हा आडोसा म्हणजे हँडलच्या टोकातून निघून लिव्हरच्या पुढून वळणारी एक छोटी कमान. पुढून येणारा धक्का ती अडवते, मागून येणारी बोटं मोकळी ठेवते. स्वाराचा हेतू ओळखायचं काम असं दिशेवर सोपवलं आहे. घराची कडी आतून निघते, बाहेरून निघत नाही, तसंच.

पण रक्षक स्वतः घातक ठरू नये, बरं का! उजवी मूठ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. गार्ड मुठीला घासत बसवला, तर पिळलेली मूठ परत फिरणार नाही आणि गाडी पळतच राहील. म्हणून मध्ये फट हवी. टोक गोल हवं, नाहीतर पडल्यावर तेच अंगात घुसेल. हँडल पूर्ण वळवलं तरी गार्ड टाकीला किंवा फेअरिंगला अडकता कामा नये. आणि लिव्हर शेवटपर्यंत ओढता आली पाहिजे.

आयटीआयची मुलं समोर आहेत, म्हणून सांगतो. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम आरसी ३९० युरोपातल्या तरुणांच्या शर्यतींतही धावली आहे. उद्या तुमच्यातला कुणी असा गार्ड घडवेल. तेव्हा तो किती मजबूत आहे एवढंच तपासू नका. गाडी उभी करा, हँडल दोन्हीकडे वळवा, मूठ पिळून सोडा, लिव्हर ओढा. स्वाराला हवं ते सगळं होतंय ना, हे आधी बघा. मग पुढून लिव्हर ढकलून बघा. ती हलली, तर गार्ड अजून झालेला नाही.