हूड घडीत फाटतं

सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागच्या आसपासच्या वस्त्यांवर पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे, अजूनही एखादी जुनी कापडी टपाची जीप उभी सापडते. मालक नोकरीनिमित्त पुण्याला किंवा मुंबईला असतो. गाडी वर्षातून दोन-तीनदा निघते: सुगीला, दिवाळीला, घरात लग्न असेल तेव्हा. निघताना सगळे बॅटरी बघतात, टायरमधली हवा बघतात, डिझेल बघतात. त्या कापडी टपाकडे, म्हणजे हूडाकडे, बघायचं कुणाला सुचत नाही, आणि या गाडीत सगळ्यात नाजूक तेच असतं.

महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत सुटे भाग जोडून विलीस जीप उभ्या करायला सुरुवात केली. पुढं उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी आली, एमएम-540 आली. आपल्या भागात या गाड्यांनी वडाप केलं, निवडणुकांचे कर्णे मिरवले, रात्री-अपरात्री बाळंतिणीला बार्शीला पोचवलं. 2020 साली नवी थार आली तीही कापडी टपाचा पर्याय घेऊन. म्हणजे हूडाची निगा हा फक्त जुन्या लोकांचा विषय नाही. अगदी वरच्या थराला जायचं तर कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार आहे. ती शाही दसऱ्याला लोकांसमोर येते. अशी गाडी उरलेलं वर्ष कशी ठेवली जाते, यावरच तिचं आयुष्य ठरतं. शेडमधल्या जीपलाही हाच नियम लागू आहे.

हूड म्हणजे पाइपच्या कमानींवर ताणलेलं कापड, कडेला टिचबटणं, आयलेट आणि पट्टे, मागं पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. कापड तीन तऱ्हेचं असतं. जुनं म्हणजे जाड सुती कॅनव्हास, मेण किंवा तुरटी-साबणाचं पाणी देऊन पावसाला पक्कं केलेलं. आधी साबणाच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात कापड बुडवलं की धाग्यांवर पाण्यात न विरघळणारा थर बसतो. तंबू शिवणाऱ्यांना ही युक्ती फार आधीपासून ठाऊक होती. दुसरं रेग्झिन, म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी. तिसरं महागड्या गाड्यांचं: वर अ‍ॅक्रिलिकचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा पापुद्रा, आत अस्तर. तिन्हींची दुखणी वेगळी, पण एक गोष्ट सारखी. ताणलेलं हूड वर्षानुवर्षं टिकतं आणि घडी घातलेलं घडीच्या रेषेवर फाटतं.

म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर हूड काढून माळ्यावर टाकू नये. ते कमानींवर चढवलेलंच ठेवावं. ताण मात्र फार नको, पट्ट्यांची बकलं एकेक भोक सैल करावीत. ओलं झालं की सुती कापड आखडतं. पावसाळी हवेत बटणं घट्ट लावून ठेवली, तर तेच कापड आपल्या बटणांना शिवणीतून उपटून काढतं. काढलेलं हूड पुन्हा चढवताना चार बोटं कमी का पडतं, याचंही कारण हेच. घडीत पडून आखडलेल्या कापडाला ओढायला कुणी नसतं.

आमच्या घरच्या जीपचं हूड मी एकदा परतीच्या पावसानंतर घाईत उतरवलं, चौघडी करून पोत्यात भरलं. वरून कोरडं लागत होतं, शिवणी ओल्या होत्या. दिवाळीत पोतं उघडलं तेव्हा दमट तळघरासारखा वास आला आणि घडीच्या आतल्या बाजूनं काळे ठिपके पसरलेले. बुरशी सुती धाग्यालाच खाते. ठिपके घालवायला ब्लीचिंग वापरलं, तर डागाबरोबर धागाही जातो. शेवटी त्या पट्ट्या कापून नव्या जोडाव्या लागल्या. तेव्हापासून हूड धुतल्यावर मी शिवणी बोटांनी दाबून बघतो. शिवण म्हणजे कापडाचे दोन-तीन पदर, तिथलं पाणी सगळ्यात शेवटी जातं.

वैरागात पाऊस कोकणासारखा नाही. सोलापूर जिल्ह्याच्या या कोरड्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात. इथं हूडाचे खरे वैरी म्हणजे ऊन, धूळ आणि उंदीर. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो आणि पत्र्याचं शेड त्याहून तापतं. रेग्झिनला मऊ ठेवणारा तेलकट अंश उष्णतेनं हळूहळू निघून जातो, मग ते पापडासारखं तडकतं. शेडच्या पत्र्याखाली कडब्याचा किंवा तट्ट्याचा थर दिला तर फरक पडतो, पण कडबा गाडीजवळ रचू नये. कडब्याच्या गंजीत उंदीर येतात, आणि गंजीतून जीपच्या मागच्या बाकाखाली यायला त्यांना एक रात्र पुरते. अस्तराचा कापूस त्यांना घरट्याला हवा असतो.

काहीजण गाडीत डांबर गोळ्या टाकतात. त्या मागच्या खिडकीला टेकू देऊ नयेत. काही प्लॅस्टिक त्यांच्या वाफेनं मऊ पडतं, डागाळतं. रेग्झिनला चकाकी यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवण्याची रीत तर बंदच व्हायला हवी. दोन दिवस काळंभोर दिसतं, पण डिझेल आतला मऊपणा ओढून नेतं. रिठ्याचं किंवा अंगाच्या साबणाचं पातळ पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर साधं पाणी एवढं पुरतं. कपड्याच्या पावडरीनं कॅनव्हासवरचं मेण निघून जातं.

धुण्याआधी धूळ झटकणं मात्र चुकवू नये. ज्वारीची रास झाली की तुसाची धूळ अंगाला खाजते, तीच कापडाच्या विणीत बसते आणि प्रत्येक हिसक्याला धागा घासत राहते.

झाकायला निळी ताडपत्री नको. तिच्याखाली वाफ कोंडते, पहाटे आतून घाम फुटतो. जुन्या सोलापुरी चादरी जोडून केलेली खोळ सगळ्यात चांगली: वारा जातो, धूळ अडते.

मागच्या खिडकीला जास्तीचा जीव लावावा लागतो. हिवाळ्याच्या सकाळी ते प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा वाकवलं की आरपार चीर जाते. दुपारी, ऊन लागून मऊ झाल्यावर, आत जुन्या धोतराचा पदर ठेवून गुंडाळी करावी. कोरड्या फडक्यानं पुसलं तर ओरखडे पडतात, आधी पाणी ओतावं.

दुरुस्तीला गावातला सीट शिवणारा कुशनवाला पुरतो, फक्त दोऱ्याचं त्याला सांगावं. सुती दोरा ओला झाला की फुगून सुईचं भोक बुजवतो, पण उन्हात लवकर विरतो. पॉलिस्टरचा दोरा उन्हाला टिकतो, पण भोक उघडं राहतं, म्हणून शिवणीवर आतून मेणाची कांडी ओढून घ्यावी. आमच्याकडे मी पॉलिस्टरचाच वापरतो, कारण इथं पावसापेक्षा ऊन जास्त.

आणि खंडेनवमीला गाडीची पूजा होतेच. हूड दोन दिवस आधी धुऊन सुकवावं. हळदीकुंकवाची बोटं बॉनेटवर ओढावीत, कापडावर नाही. झेंडूची माळ पुढच्या काचेच्या चौकटीला बांधावी आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकावी, कारण ओल्या फुलांखाली कापड काळं पडतं.