उत्पादन खर्चाची उदाहरणे आणि वर्गसमीकरणाची दोन मुळे

उत्पादन खर्चावरील शाब्दिक उदाहरणात वर्गसमीकरण सोडविले की बहुधा दोन मुळे मिळतात. ऋण मूळ सोडावे व धन मूळ उत्तर म्हणून लिहावे, असा ठोकताळा आपण मनाशी बाळगतो. तो नेहमीच पुरेसा नसतो. पुढील उदाहरण पाहा.

एक महिला बचत गट रोज क्ष कापडी पिशव्या शिवतो. भाडे इत्यादी स्थिर खर्च ६०० रुपये आहे. प्रत्येक पिशवीस ३० रुपयांचे कापड व दोरा लागतो. काम वाढेल तशी जादा वेळेची मजुरी झपाट्याने वाढते. म्हणून एकूण मजुरी क्ष² रुपये मानू. त्यावरून,

एकूण खर्च = क्ष² + ३०क्ष + ६००

(१) एके दिवशी खर्च १००० रुपये झाला, तर पिशव्या किती?

क्ष² + ३०क्ष − ४०० = ०
(क्ष − १०)(क्ष + ४०) = ०

क्ष = १० किंवा −४०. पिशव्यांची संख्या ऋण असू शकत नाही. म्हणून उत्तर १०.

(२) पिशवी १०० रुपयांस विकल्यास ना नफा ना तोटा केव्हा होईल? उत्पन्न १००क्ष हे खर्चाबरोबर मांडू.

क्ष² − ७०क्ष + ६०० = ०
(क्ष − १०)(क्ष − ६०) = ०

येथे १० व ६० ही दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत. अर्थशास्त्रात यांना समविच्छेद बिंदू म्हणतात. दहापेक्षा कमी पिशव्यांत खर्च भरून निघत नाही. साठानंतर मजुरीच नफा गिळते. दुसरे मूळ सोडले असते, तर ‘जितके अधिक शिवाल तितका अधिक लाभ’ असा चुकीचा सल्ला गटाला मिळाला असता.

याउलट, धन मूळही कधी त्याज्य ठरते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले व एक बाहेर दिसला. मुळे येतात ५० व ५. परंतु ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात. म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर स्वीकारले नाही.

तात्पर्य, समीकरण केवळ शक्यता दाखविते. निवड उदाहरणातील अटींवरून करावयाची असते. म्हणून प्रत्येक मूळ मूळच्या वाक्यात ठेवून पडताळा घ्या.

आपली प्रगती तपासा : वरील गटास रोज ६०० रुपये नफा हवा असल्यास किती पिशव्या शिवाव्यात? मिळालेल्या दोन उत्तरांपैकी आपण कोणते सुचवाल, ते कारणासह लिहा.