आधी पैसे, मग पुस्तक

लोकवर्गणीतून कॉमिक किंवा पुस्तक काढणे हे इंटरनेटचे खूळ वाटत असेल, तर ‘ग्रंथाली’ आठवावी. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या वाचक चळवळीने सभासदांकडून आगाऊ पैसे घेऊन त्यांना स्वस्तात पुस्तके दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) तिनेच काढले. या आत्मकथनांतून गावकुसाबाहेरचे जगणे पांढरपेशा घरांत पोचले. २००९मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाने आगाऊ पैशांच्या या पद्धतीत एक शहाणी अट घातली: ठरलेली रक्कम जमली नाही, तर कुणाचाच पैसा कापला जात नाही.

समजा, शिरूरच्या एखाद्या चित्रकाराला दौंड जंक्शनवरच्या मैत्रीचे कॉमिक काढायचे आहे. ३०० वाचकांनी प्रत्येकी २०० रुपये आधी दिले, की ६०,००० होतात. छापखान्याची उधारी नको, रद्दीत जाणारे गठ्ठे नकोत. आक्षेप असा की, ज्याचा गोतावळा मोठा त्याचेच पुस्तक निघेल. खरे आहे, पण प्रकाशकाच्या दारातही ओळख लागतेच (हे कोण नाकारेल?). पैसे बुडण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणून आधी दहा पाने तयार दाखवावीत, खर्च आणि तारीख लिहून द्यावी. एवढेही न करणाऱ्याला वाचकांनी खुशाल नकार द्यावा.